पालथी फाईल

अण्णा डॉक्टर रुग्णाची फाईल हातात घ्यायचे आणि न उघडता टेबलावर पालथी ठेवायचे. वर एक पितळी वजन ठेवून मग रुग्णाकडे वळायचे. मोठ्या इस्पितळाचे रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला हा अपमान वाटे. जयसिंगपूरचे एक व्यापारी एकदा न राहवून म्हणाले, "डॉक्टर, एवढा इको काढून आणलाय, बघा तरी." अण्णा म्हणाले, "बघतो की. आधी तुम्हाला बघू दे. तो काय पळून जातोय?"

हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून कोल्हापुरात त्यांचं नाव होतं. दवाखाना राजारामपुरीत, एका गल्लीत, तळमजल्यावर. बाहेर दोन बाकं, आत एक पडदा. पडद्याआडचं बोलणं बाकावर सहज ऐकू यायचं, आणि अण्णांचा आवाज तर गल्लीतही जायचा. ते शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घरातले. घरी धाकटे त्यांना अण्णा म्हणायचे, तेच नाव शहरात रूढ झालं.

माझ्या आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. रक्त थोडं मागं गळायचं. ही गळती अण्णांनी स्टेथोस्कोपनं ओळखली होती, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नंतर काढला. तेव्हापासून वर्षातून दोनदा मी आईला त्यांच्याकडे नेत असे. दर वेळी तेच. पंखा बंद करायचा. "आक्का, पुढं वाका. श्वास सोडा. आता धरा." या गळतीचा आवाज फार बारीक असतो, लांबून कुणी फुंकर घालावी तसा. अण्णा डोळे मिटून ऐकायचे, काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचे, मग म्हणायचे, "सोडा आता." आई श्वास सोडायची, आणि अण्णा पितळी वजन बाजूला करून फाईल उघडायचे.

त्यांना यंत्रांचा राग आहे असं अनेकांना वाटे. मलाही वाटत होतं. वर्तमानपत्रासाठी आधुनिक वैद्यकावर लेख करायचा होता, म्हणून मी त्यांना विचारलं, यंत्रांमुळे डॉक्टरांचं कसब संपलं का? ते जवळजवळ ओरडलेच. "भलतं लिहू नका! आमच्या उमेदवारीत डॉक्टरची चूक रुग्णाबरोबर मातीत जायची. कुणाला पत्ता लागायचा नाही. आता ती पडद्यावर दिसते. हे झालं ते लई चांगलं झालं."

"मग फाईल पालथी का?"

"गणिताच्या पुस्तकात उत्तरं शेवटी असतात. आधीच बघितली तर गणित आलं का न्हाई, कसं कळणार? मी रोज परीक्षा देतो. नापास झालो की पाटी उतरवणार."

हे वाक्य मी लेखाच्या शेवटी छापलं. वाचकांना ते आवडलं. अण्णांनी ते किती गंभीरपणे म्हटलं होतं, याचा अंदाज मला आला नव्हता.

पुढं काही वर्षांनी दवाखान्यात एक विनोद सुरू झाला. अण्णा नवा, वाजणारा थर्मामीटर वापरत. ताप मोजून झाला की तो बारीक शिटी देतो. पडद्याआडून अण्णांचा आवाज यायचा, "वाजलं न्हाई अजून?" आणि रुग्ण म्हणायचा, "मगाच वाजलं की डॉक्टर!" बाहेर बाकांवर हशा. एका म्हातारबांनी तर सांगून टाकलं, "वाजलं की मीच हाक मारीन, तुम्ही चा घ्या." अण्णाही हसले. वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात, हे त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर ते प्रत्येक छाती दोनदा ऐकू लागले. तेवढा बदल आईच्या लक्षात आला होता. "हल्ली अण्णा फार वेळ श्वास धरायला लावतात," ती म्हणायची.

एका सकाळी आमच्या आधी चंदगडचं जोडपं आत गेलं. नवऱ्याची काजूची बाग होती. बायकोला चढ चढताना धाप लागत होती. इको झाला होता, झडपेचं ऑपरेशन सुचवलं होतं, आणि ते करायचं की नाही हे त्यांना अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं. फाईल पालथी झाली असणार. पंखा थांबला. "पुढं वाका. श्वास सोडा. धरा." बराच वेळ गेला. पुन्हा एकदा, "धरा." मग अण्णा म्हणाले, "आवाज काही नाही."

नवरा खुशीत म्हणाला, "बघ, मी म्हनलो न्हवतो!"

फाईल उघडल्याचा आवाज आला. अण्णांनी बाईंना तिसऱ्यांदा तपासलं आणि एरवीपेक्षा हळू बोलले. बाहेर आम्ही कान देऊन होतो. "पावणं, रिपोर्ट बरोबर आहे. झडप गळतीय. मला ते ऐकू आलं नाही."

"म्हंजे? आता खरं कुनाचं धरायचं?"

"मशीनचं. ऑपरेशन करून घ्या, उशीर लावू नका."

"आवं, आमी चंदगडासनं येष्टीनं तुमच्या कानासाठी आलोय की डॉक्टर!"

"म्हणूनच सांगतोय," अण्णा म्हणाले.

त्यांनी ओळखीच्या सर्जनला तिथंच फोन लावला. बाईंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. नवरा नंतर काजूची पिशवी घेऊन आला, तेव्हा दवाखान्यावर पाटी नव्हती.

पाटी उतरवू नये म्हणून पुष्कळांनी गळ घातली. पुण्याच्या लेकीनं आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप पाठवला. अण्णांनी तो लावून पाहिला आणि परत केला. "यंत्रातनंच ऐकायचं तर सरळ इकोच बघावा की. मधे मी कशाला?" मी त्यांना म्हणालो, एकाच चुकीवर एवढी शिक्षा? त्यांनी मला दुरुस्त केलं. "शिक्षा कसली? त्या बाईचा रिपोर्ट नसता तर? ऑपरेशन नको म्हणून घरी धाडली असती मी तिला."

गेल्या वर्षी आईचा इको झाला. तिनं तो अण्णांना दाखवायचाच असा हट्ट धरला. त्यांच्या घरी गेलो. आईनं फाईल त्यांच्यासमोर ठेवली, सवयीनं पालथीच. अण्णांनी ती उचलून सरळ केली, चष्मा लावला आणि सगळी पानं सावकाश वाचली.

ते वाचत असताना आई खुर्चीत पुढं वाकली. तिनं श्वास सोडला आणि धरला. अण्णांनी वर पाहिलं. त्यांच्याजवळ स्टेथोस्कोप नव्हता. क्षणभर थांबून त्यांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"सोडा आता, आक्का."

आईनं श्वास सोडला. "आलं का ऐकू?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "पण रिपोर्ट चांगला आहे."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि फाईल न्यायची विसरून चपला घालायला उठली.