फ्रेमची काच

मंडळी, देवळीच्या रस्त्यानं सायकल हाणत आत्ताच घरी आलोय. अंग मोडून आलंय, जेवायचीही इच्छा नाही.

एका भाजीवाल्या बाईला तिच्या घरच्यांचा फोटो फ्रेम करून द्यायला गेलो होतो. बाईनं फ्रेम पदरानं पुसली आणि विचारलं, "भाऊ, दोन सालाआंधी तुमी बजाराचा फोटो काढला होता. माही सुमन वांग्याच्या टोपल्यापाशी बसली होती. थो फोटो मले द्याल का?"

सुमन, तिची लेक, मागच्या साली तापानं गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

"पाह्यतो," म्हणालो. आता काय पाहणार? फोटो ज्यांवर उठतो त्या निगेटिव्हच्या जुन्या काचा आपण सगळेच फोटोवाले सोड्याच्या गरम पाण्यात धुतो, चित्र निघून काच कोरी झाली की फ्रेमला लावतो. बाजाराच्या सगळ्या काचा मी मागच्याच महिन्यात धुतल्या. त्यांतलीच एक तिच्या हातातल्या फ्रेमला होती.

ती पुन्हा पुसत म्हणाली, "काच मोठी साफ हाय, भाऊ."

मला खरं सांगता आलं नाही. तुम्ही सांगितलं असतं का? आणि आज कुणी धुवायला काचा काढल्या असतील, तर आधी एकदा उजेडात धरून पाहाल का?