आधी गप्प कोण झालं?

शेजारच्या काकूंकडे फोन आला, 'अरविंदसर गेले.' मी तिथंच त्यांच्या जिन्यात बसून राहिले. काकू घाबरल्या. 'अहो कुमुदताई, बोला तरी काही!' मला गप्प बसलेलं त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. अरविंद तर म्हणायचा, 'कुमे, तू मेलीस तरी तुझं तोंड वेगळं मारावं लागणार.' आणि मेल्या, तूच आधी गेलास... माझ्या बडबडीतून सुटलास एकदाचा.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला हॉस्पिटलात भेटले होते. मोसंबी सोलत होते, नेहमीसारखी सगळ्या जगाची उणीदुणी काढत होते. मध्येच त्यानं माझं मनगट धरलं. 'होडीत तू होतीस. खरं सांग, आधी गप्प कोण झालं? मी की ते?' मी म्हटलं, 'तूच! शंभरदा सांगितलंय. आता फोड तोंडात टाक.' तो हसला, पण हात काही सोडेना. एवढ्या एका प्रश्नानं त्या माणसाची झोप कित्येक वर्षं खाल्ली होती. तो प्रश्न कुठून आला ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

आम्ही दोघं पुण्यातल्या एकाच कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, तो सामाजिक मानसशास्त्र. पहिल्या वर्षाच्या पोरांना त्याचा पहिला तास जन्मात विसरता यायचा नाही. वर्गात येऊन हा खुर्चीत बसायचा, जरा वेळानं मागच्या रिकाम्या दाराकडे बघून अदबीनं उठून उभा राहायचा. पुढचा बाक उठायचा, मग दुसरा, मग अख्खा वर्ग. 'कोण आलं?' तो विचारायचा. कुणीच नाही. 'मग उभे का राहिलात?' पोरं खजील होऊन हसायची. मग तो सांगायचा, की माणसं एकमेकांकडे बघून वागतात. एकानं ठामपणे काही केलं की बाकीच्यांना वाटतं, याला काहीतरी ठाऊक असणार. असं चारदा झालं की त्याची रीत होते, आणि रीत झाली की तिला कारण आपोआप सापडतं. 'आणि सर, दारात खरंच कुणी असलं तर?' असं एका पोरीनं एकदा विचारलं होतं. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसला तो अरविंदच.

सुट्टीत वाचायला म्हणून त्यानं मुळशीच्या धरणापलीकडे, तान्हाबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. पौडच्या पुढं एसटी सोडायची आणि कासमभाईंच्या होडीतून पाणी ओलांडायचं. बाजाराच्या दिवशी होडी गच्च. कोंबड्या, मिठाच्या पिशव्या, रॉकेलचे डबे आणि माणसांचा हा गलका! धरणाच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत हे सगळ्यांना माहीत, पण त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. बोलणं सगळं तेलाच्या भावाचं आणि कुणाच्या सुनेचं.

अरविंदच्या डोक्यात आलं, वर्गातला खेळ इथं करून बघू. समोर दोन डोंगरांमधली खिंड दिसू लागली, की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसणार, आणि ती खूण बघून मी गप्प बसायचं. बस्स, एवढंच. 'खिंडच का?' मी विचारलं. 'काही नाही गं, लक्षात राहील म्हणून.' त्या दिवशी तान्हाबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना माझ्या नणंदेचे पराक्रम रंगवून सांगत होते. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं, अरविंदनं चष्मा काढला, मी वाक्य अर्धं सोडलं. आणि अख्खी होडी गप्प! खिंड मागं गेल्यावर गलका पुन्हा सुरू. काठावर उतरून आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढच्या खेपांनाही तेच झालं. मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो, तर खिंडीपाशी मी बोलत होते म्हणून तान्हाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'बाई, हितं बोलायचं न्हाई. खाली गाव हाय. निजल्यात समदी.' अरविंदचा चेहरा पडला. खोलीवर गेल्या गेल्या त्यानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. 'तान्हाबाई, ही काही रीतबीत नाही. मी सुरू केलंय हे. गंमत म्हणून.' त्या चूल फुंकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'तुमी कशाला सुरू करताय सर? तुमच्याकडनं करून घेतलं त्यांनी.'

मी हसले. तो नाही हसला.

नंतर एकदा तो एकटाच गेला आणि हट्टानं खिंडीपाशी मोठमोठ्यानं गायला लागला. परत आला तो पार उतरलेला. 'कुणी रागावलं नाही गं. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे वाकून पाण्यात बघायला लागले, कुणी जागं झालं का म्हणून.' 'मग? दिसलं का कुणी?' मी आपली थट्टेत. तो म्हणाला, 'दिसलं काही नाही. पण मीही वाकलो, कुमे.' त्यानंतर त्यानं तो पहिल्या तासाचा खेळ कायमचा बंद केला. शिकवायचा उत्तमच, पण मागच्या दाराकडे पाठ करून.

आता परवा त्याच्या बहिणीनं मला तान्हाबाईंकडच्या खोलीतलं सामान आणायला पाठवलं. जाताना ठरवूनच गेले होते, खिंडीपाशी ओरडून सांगायचं, हे आमच्या अरविंदनं सुरू केलं, तुमच्या त्या निजलेल्यांनी नाही. बाजार करून निघालेल्या तान्हाबाईही होडीत होत्या. खिंड आली. कासमभाई आता थकलेत, पण वल्ही त्यांचीच. ती त्यांनी वर उचलून धरली. होडी नुसती पुढं सरकत राहिली. आणि बायकांनी पदरानं, बाप्यांनी उपरण्यानं, सगळ्यांनी डोळे पुसले. ओरडायचं मी विसरूनच गेले. अरे, तुझ्यासाठी रडताहेत रे ही माणसं! काठावर उतरताना मी तान्हाबाईंचा हात धरला. 'सरांसाठी ना?'

'न्हाई वो. हितं डोळं पुसायची रीतच हाय. सर बी चष्मा पुसायचे न्हवं? आमच्याकडनंच शिकले.'

माझं डोकंच फिरलं. 'साफ खोटं! मी होते त्या दिवशी!'

'व्हता की,' त्या शांतपणे म्हणाल्या. 'तुमी बडबडत व्हता. कासमभाईनं वल्ही उचलली, समदी गप झाली, तरी तुमचं आपलं चालूच. मग सरांनी चष्मा काडला, तवा तुमी गप झाला.'

वल्ह्यांवरून पाणी ठिबकलेलं मला ऐकू आलं होतं. माझ्या बडबडीतून ऐकू आलं होतं. गच्च भरलेल्या त्या होडीत ते ऐकू यायला बाकी सगळं आधीच शांत असायला हवं ना... की हेही मला आता तान्हाबाईंनी सांगितल्यावरच आठवतंय? हॉस्पिटलात मी त्याला बेधडक 'तूच' म्हणाले. ते ऐकून तो गेला, तेवढंच बरं झालं.

खोलीत फारसं काही नव्हतं. खिडकीत त्याचा जुना चष्मा होता, तो घेतला. परतताना मनाशी म्हटलं, आज लक्ष ठेवून बघायचं, आधी गप्प कोण होतं. म्हणून काठापासूनच तोंड मिटून बसले. पोचवायला आलेल्या तान्हाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं. मग पलीकडची बाई थांबली. मग कोंबड्यावाला. खिंड अजून कितीतरी लांब होती आणि सगळी होडी चिडीचूप. कासमभाईंनी माझ्याकडे बघत वल्ही वर उचलली.

अरे अरविंद, हेच तर म्हणत होतास तू! एक माणूस पुरतो! मला ओरडून सांगायचं होतं, तुझं बरोबर होतं रे. पण तोंड काही उघडेना. मी मांडीवरचा तुझा चष्मा उचलला आणि पदरानं पुसत राहिले.