पासबुकावरचं माहेरचं नाव

माझ्या सासूबाईंना एकच सही येते, आणि ती त्यांच्या माहेरच्या नावाची. हे मला लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं, तेही बँकेच्या काउंटरपाशी, माझा पारा चढलेला असताना.

झालं असं की त्यांचं खातं बंद पडलं. खातं त्यांच्या वडिलांनी काढलेलं. जासईकडे त्यांचं माहेर, वडील मिठागरावर कामाला. लेकीचं लग्न ठरल्यावर ते तिला घेऊन पनवेलला आले, तिच्या एकटीच्या नावानं पासबुक काढलं आणि म्हणाले, "हे तुजं हाय. कोणाला देऊ नको." नंतर मांडवात सासरच्यांनी तिचं नाव बदललं, जसं तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे. रेशनकार्डावर नवं नाव, मतदार यादीत नवं, आधारवर नवं. बँकेला कोणी काही सांगितलंच नाही, आणि इतकी वर्षं बँकेचंही काही अडलं नाही.

यंदा अडलं. काउंटरवरच्या मुलानं आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, "आजी, ही तुम्हीच कशावरून?"

"मग कोण मी?" आई म्हणाल्या.

तो बिचारा हसला. मी नाही हसले. मी पनवेलच्या एका शाळेत कारकून आहे, दिवसभर अर्जच बघते, त्यामुळे मला वाटलं हे दहा मिनिटांचं काम आहे. खात्यावरचं नाव बदलून आधारसारखं करायचं, झालं. त्यानं फॉर्म दिला, वर लग्नाचा दाखला नाहीतर नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट मागितलं. साठ वर्षांपूर्वी आमच्या कोन गावातल्या मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कुठला आणायचा? ठीक, गॅझेट करू म्हटलं. फॉर्म भरला, आईंपुढे सरकवला. त्यांनी पेन घेतलं, जीभ दाताखाली धरली आणि सावकाश माहेरच्या नावाची सही केली.

"आई, नवं नाव लिहायचंय," मी म्हटलं. दुसरा फॉर्म आणला. पुन्हा तेच. तिसऱ्या फॉर्मला माझं तोंड सुटलं. "अहो, मी सुट्टी टाकून आलेय, मागे रांग लागलीय, तुम्हाला कळत कसं नाही?" सगळी बँक बघायला लागली. आईंनी पेनाला टोपण लावलं, पेन जपून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मना तेवढंच येते."

परतताना रिक्षा पळस्प्याला आली. मग त्यांनीच सांगितलं. शाळा दुसरीतच सुटलेली. वडिलांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. त्यांनी मास्तरांकडून लेकीचं नाव कागदावर लिहून आणलं आणि आठ दिवस तिच्याकडून मिठागराच्या बांधावर, ओल्या मातीत काठीनं गिरवून घेतलं. बँकेत अंगठा उठवायचा नाही, सही करायची, असा त्यांचा हट्ट.

"आनि त्या बँकेत माज्या नावानं हाक मारतात," त्या म्हणाल्या. "आता दुसरीकडं कोण मारते? आई गेली, बाबा गेला, भाऊ गेला. तिथं हाक आली की मी उठते. तेवढ्यासाठी पन जाते कदी कदी."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांना चिडवत होते, "आई, पासबुक भरायला दर महिन्याला कशाला जाता, बँकेत कोणी बसलाय का तुमचा?" आणि त्या पदराआड हसायच्या.

पण खातं तर बंदच होतं. माझ्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं, आणि आईंना नातीला चांदीचे पैंजण करायचे होते, स्वतःच्या पैशांनी. मी माझे देऊ केले तर फटकन म्हणाल्या, "तुजे तू कर ना. माजे हायत." म्हणजे नाव सोडलं तर पैसे मिळणार, नाव धरलं तर पैंजण गेले. आमच्या यांना विचारलं, तर हे गाडी पुसायला निघून गेले. घरात काही ठरवायची वेळ आली की आमची गाडी फार मळते.

त्याच सुमारास कळलं की आमदार रविवारी लोकांना भेटणार आहेत. मी फूलस्केप घेऊन बसले. मनात साठलेलं सगळं काढलं. बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात, ते म्हाताऱ्या माणसांनी कोणाकडून वाचून घ्यायचे? पासबुक छापायचं मशीन सदा बंद. गावात बँकेचा माणूस यायचा, तो यायचा थांबला. बसायला खुर्ची नाही. लिहिता लिहिता अडीच पानं झाली. मग वाटलं, एकटीच्या सहीला कोण विचारतं, म्हणून संध्याकाळी आळीतल्या बायकांना अंगणात बोलावलं.

मला वाटलं होतं, सह्या होतील, चहा होईल, संपेल. पण नावाचा विषय निघाला आणि एक म्हणाली, "माजं पन तसंच हाय गो." तिचे पोस्टातले पैसे अडकलेले. दुसरीचं गॅसचं. मी म्हटलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं सांगा, लिहून घेते. आणि काय सांगू, एकेक बाई लाजायला लागली. साठीच्या, सत्तरीच्या बायका, तोंडाला पदर लावून, माझ्या कानाशी येऊन हळूच माहेरचं नाव सांगत होत्या. बाकीच्या ओरडायच्या, "मोठ्यानं सांग गो!" आणि सांगितलं की हसून हसून पुरेवाट. समोरच्या घरातल्या बाईंशी माझं तीस वर्षांचं येणंजाणं, भांडणंसुद्धा झालेली, आणि त्यांचं खरं नाव मला त्या संध्याकाळी कळलं. इतकं गोड नाव होतं, आणि ते आम्ही कोणी कधी वापरलंच नव्हतं. अकरा जणींची नावं झाली. शेवटी कोणी हसेना. चहा तसाच निवला.

रविवारी हॉलमध्ये दोन तास ताटकळलो. आमचा नंबर लागला तेव्हा आमदार दमलेले होते. माझी अडीच पानं चाळून म्हणाले, "ताई, हे सगळं ठेवून घेतो. पण मी सभागृहात उभा राहिलो तर मला मिनिटभर मिळतं. यातलं एकच सांगा."

एकच कुठलं? खुर्ची सांगू की मेसेज? मी आईंकडे बघितलं.

आई पासबुक छातीशी धरून उभ्या होत्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "नाव बदलून नको. लगीन झालं तवा आमाला कोणी इचारलं नाय, नाव बदलू का म्हनून. आता बँक म्हनते जुनं नाव पुस. ते माज्या बापानं ठेवलंय. दोन नावं हायत, पन बाय एकच हाय. तेवढं तेंनी मानावं."

आमदारांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "माझ्या आईचंही बदललं होतं." मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "हे वरती लिहा. पहिलं."

सभागृहात ते बोलले की नाही, मला अजून ठाऊक नाही. अकरातल्या सात जणींचं काम अजून अडलेलंच आहे आणि मी दर पंधरा दिवसांनी फोन करून आमदारांच्या ऑफिसचं डोकं खाते. पण आईंचं झालं. बँकेच्या मॅनेजरांना फोन गेला, आणि कळलं की ग्रामपंचायतीचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र दिलं की माहेरचं नाव ठेवून त्यापुढे उर्फ म्हणून सासरचं लावता येतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारणार होते. आईंनी माझा हात दाबला.

त्या दिवशी आम्ही बँकेत बसलो. खुर्ची एकच होती, तिच्यावर आई. आतून हाक आली, माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, उर्फ, आणि पुढे बाकीचं सगळं. आई उठल्या. "हाय, मी हाय," म्हणाल्या. काउंटरवरच्या मुलाला एवढंच हवं होतं, पण माझे डोळे भरून आले.

येताना पैंजण घेतले. रिक्षात डबी मांडीवर ठेवून आई अचानक म्हणाल्या, "त्या नावांच्या कागदावर तुजं नाय लिवलंस."

"माझं कुठं अडलंय?" मी म्हटलं. माझी सगळी कागदपत्रं लग्नानंतर वर्षभरात बदलून झाली होती. मोठ्या नणंदेचं आणि माझं माहेरचं नाव एकच होतं, एका घरात दोन नकोत, म्हणून आईंनीच नवं नाव काढलं आणि तांदळाच्या ताटात यांनी ते अंगठीनं लिहिलं. मी तेव्हा बावीस वर्षांची. वाईट वाटलं होतं, पण कोणाला सांगितलं नव्हतं.

"मीच बदललं," आई म्हणाल्या. "माजं बदललं तवा मी मोरीत जाऊन रडले होते. तरी तुजं बदललं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बाहेर रस्त्याकडे बघितलं, नाहीतर रिक्षातच रडले असते.

घरी आल्यावर मी मागच्या दारी वाळत घातलेले कपडे काढत होते. आत आईंनी चहा टाकला. आणि स्वयंपाकघरातून मला हाक आली, माझ्या माहेरच्या नावानं. माझी आई गेल्यापासून त्या नावानं मला कोणीच हाक मारली नव्हती.

मी लगेच ओ दिली नाही. मला ती हाक पुन्हा एकदा ऐकायची होती.