दोनदा उकळलेलं पाणी

नेहरू नगरात आमच्या समोर राहणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवऱ्याची केमो सुरू झाली आणि त्यांचा गॅस काही बंद होईना. पाणी, वाट्या, चमचे, सगळं उकळायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा उकळायचं.

"अहो, कालच तर उकळलंत," मी म्हणायची.

मग त्या फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या समजावायच्या. "ताई, काही बॅक्टेरिया उकळीतही मरत नाहीत. कवच घालून गपचूप पडून राहतात. पाणी निवलं की जागे होतात, आणि मग एकाचे दोन, दोनांचे चार! जागे झाले की लगेच गाठायचं त्यांना. ह्यांच्या अंगात आता लढायची ताकद नाही हो."

भाजीसुद्धा फाटकातच गरम पाण्यात बुडायची. भाजीवाला वैतागायचा, "आंटी, यहीं पका लोगी क्या?" त्या हसायच्या, पण कोथिंबीर बुडवायच्याच. मला मात्र त्यांच्याकडे बघून धास्ती वाटायची. एवढं जपून उद्या काही झालंच, तर ही बाई काय करेल?

परवा सकाळी त्या जवाहर चौकातून आल्या. हातात गाडीवरचे पोहे आणि जिलबी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, तेल बाहेर आलेलं. मी दचकलेच.

"अहो, बाहेरचं? भाऊजींना?"

"किती दिवस मागत होते," त्या म्हणाल्या. "काल डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते द्या. थांबत नाही ताई, जिलबी गार होईल."

आणि झरझर घरात गेल्या.