लिथियमला पाणी लागत नाही

हळद काढणीच्या दिवसांत आमचं बिऱ्हाड ट्रॉलीवर असतं. ट्रॉलीवर पत्र्याची खोली ठोकलेली, आत गॅस, बॅटऱ्या, त्यांवर चालणारे पंखा, दिवे, मोबाईलचे चार्जर. गावोगाव हळद शिजवून द्यायचा आमचा धंदा; शिजवायचा कुकर गड्यांना घेऊन पुढं जातो. मागून आम्ही: नवरा ट्रॅक्टरवर, मी आणि सासरे ट्रॉलीत. सासऱ्यांना मी मामा म्हणते, नवरा आबा. लकव्याचा झटका आल्यापासून मामांचा डावा हात कामातून गेला होता. कुकर भरणं, पाट्या उचलणं, सगळं सुटलं. एकच काम उरलं होतं, बॅटऱ्यांना पाणी घालायचं.

ते काम मामा देवपूजेसारखं करायचे. चष्मा चढवून टोपणं काढायची, आत डोकावायचं, बाटलीतलं बॅटरीचं पाणी बेतानं सोडायचं, टोकांवर साचलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची. मग दिवसभर सांगत सुटायचे, "पंखा काहून फिरून राहिला? म्या पाणी घातलं म्हणून!" या कामावर त्यांची ट्रॉलीतली जागा टिकून होती. कारण माझ्या नवऱ्याचा हिशेब सरळ, जो काम करंल तो ट्रॉलीत बसंल, बाकीचे घरी. आणि घरी कोण होतं? सासूबाई कधीच्या गेल्या. मोसमभर म्हातारा कुलपाशी बोलत बसला असता.

यंदा नवऱ्यानं वारंगा फाट्यावर लिथियम बॅटरी बसवून घेतली. चार्जर बदलला, जुन्या तारा उपटून जाड टाकल्या, छतावरचं सोलर जोडलं. मिस्त्री म्हणाला, "हिला हात लावायचा न्हाई. पाणीबिणी काही न्हाई." मामा तेव्हा लांब लिंबाखाली बसलेले. मी म्हणाले, "अहो, मामांना सांगा की." नवरा हसला. "कशाला? कळू दे त्याचं त्यालाच, आता काय काम उरलंय ते." मेल्याची जीभ कशी उचलली! बापाबद्दल बोलतोय की भंगाराबद्दल?

शेवटी मीच सांगितलं. मामा म्हणाले, "बॅटरी हाय आन् पाणी न्हाई? खुळी का काय तू!"

पाणी घालायचा वार आला. भर दुपारी मी विहिरीवर धुणं धूत होते. मामांनी सुरीच्या टोकानं नव्या बॅटरीच्या डब्याचे स्क्रू काढले. टोपणं कुठं दिसेनात, म्हणून झाकण उघडून बाटलीच आत ओतली. चरचर झालं, धूर निघाला, पंखा थांबला. नवऱ्यानं पळत येऊन डबा बाहेर ओढला, वर माती टाकली. मग गड्यांना हाका मारल्या.

"या रे, बघा आमचा इंजिनेर! आबा, टायरातबी घाला थोडं पाणी, सुकले असतील!"

गडी खिदळले. मामाही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. त्यांना वाटलं असेल, हसलं की मिटेल. माझा जीव नुसता तुटला. "दात काय काढून राहिले रे? तुमाला बाप न्हाई का?" मी ओरडले. ते आणखी हसले.

सकाळी बॅटरी घेऊन परत फाट्यावर आलो. मिस्त्री म्हणाला, आतलं जळून गेलं, काही राहिलं नाही. नवरा चिडला नाही. उलट गोड आवाजात म्हणाला, "आबा, उतरा, चहा पिऊन या." मामा खुशीत उतरले. पोरगं चहाला म्हणतंय, राग गेला असंच त्यांना वाटलं. ते हॉटेलात शिरले आणि ह्यानं ट्रॅक्टर चालू केला.

मी पत्रा बडवला. "अहो, मामा राहिले! थांबवा!" मागं वळून सुद्धा बघितलं नाही त्यानं. गतिरोधकावर ट्रॉली हळू झाली तशी मी गाठोडं खाली फेकलं आणि उडी मारली. गुडघा फुटला. ट्रॅक्टर थांबला नाही.

लंगडत परत आले. मामा रस्त्याच्या कडेला उभे होते, गेलेल्या ट्रॅक्टरकडं बघत. मला वाटलं, मला बघून ते रडतील. मलाच रडू फुटलं होतं.

"तू काहून उतरलीस?" ते माझ्यावर खेकसले. "बॅटरी म्या जाळली. तू काय जाळलं? आता त्याला भाकर कोण थापून देईल? पोरगं उपाशी राहील की!"

"मामा, त्यानं तुमाला टाकलं..."

"गप! चल, जीप धर!"

त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं ओढून पायाशी टाकलं आणि चांगला हात वर करून जीप थांबवली. एकट्या माझ्यासाठी. ट्रॅक्टर गेला त्या वाटेची.