रानहळदीला आमंत्रण

लग्नकार्यात मला कुणी “सध्या काय चाललंय?” असं विचारायचा अवकाश, मी सुरू व्हायचे. प्रयोगशाळेत काम करणारी आमच्या घराण्यात मी एकटीच, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं.

मुंबईत मी रानहळदीतल्या एका द्रव्यावर काम करत होते. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी दाट वाढवायच्या, मधोमध एक ओरखडा काढायचा आणि पेशी सरकत सरकत तो किती वेळात बुजवतात ते बघत बसायचं. द्रव्य घातलं की त्या जरा रेंगाळायच्या. एवढंच. पण शहापूरच्या मांडवात, जिलबीच्या पंगतीत, या ‘एवढंच’चं “आपली हळद कॅन्सर पसरू देत नाही” असं होऊन जायचं. म्हसा गावाजवळ दिलेली माझी आत्या ते डोळे मोठे करून ऐकायची आणि गावी जाऊन त्यात स्वतःची भर घालून सांगायची.

एका हिवाळ्यात कंद संपले म्हणून मी तिच्याकडे गेले. तिथली जत्रा नुकतीच संपली होती. आत्याने मला वरच्या वाडीत, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बाबांकडे नेलं. मी पिशवी, कुदळ आणि घाई घेऊन गेले होते. बाबांना घाई मुळीच नव्हती. तिकडची रीत अशी, की औषधी झाड उद्या खणायचं तर आज त्याच्यापुढे तांदूळ-सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचं, आणि औषध कोणासाठी नेतोय ते नाव घेऊन सांगायचं.

“कोनासाठी नेतेस?”

“पेशींसाठी, बाबा. काचेच्या बशीतल्या.”

“कोनाच्या पेशी?”

“एका बाईच्या. परदेशातली होती. कधीच गेली ती. तिच्या पेशी तेवढ्या अजून वाढतायत.”

“मेलेल्या बायला औषद?” बाबांनी आत्याकडे पाहिलं. “पोर लय शिकलीय म्हनतेस ना?”

मी वैतागून माझंच नाव घ्यायला सांगितलं.

“तुला काय झालंय? चांगली टणटणीत हायस. खोटं सांगितलं तर गुन येत नाय.”

माझं सगळं विज्ञान त्या मूठभर तांदळापाशी अडून बसलं. तेव्हा आत्या पुढे झाली. “माझं नाव घ्या,” म्हणाली. माझं काम अडू नये म्हणून म्हणतेय, असं मला वाटलं. मी तिच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

टेकडी उतरताना तिने माझा हात धरला आणि आपल्या छातीवर, काखेच्या बाजूला ठेवला. पोलक्याखाली गाठ लागली. आवळ्याएवढी, घट्ट.

“कधीपासून?”

“लावनीपासून.”

“आणि आज सांगतेस?”

“तूच म्हनलीस ना, हळद पसरू देत नाय? तुझं औषद व्हईल तवर थांबू म्हनलं. उगाच कशाला कापाकापी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खणून दिलेल्या कंदांतले दोन तिने मुकाट्याने पदराला बांधले. मी ते सोडवून घेतले, तर ती फुगून बसली. बशीतली गोष्ट वेगळी, शरीरातली वेगळी; बशीतसुद्धा पेशी नुसत्या रेंगाळतात, मरत नाहीत; माणसात काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मी तासभर समजावलं.

“मंग ह्ये मांडवात का नाय सांगितलंस?” एवढंच ती म्हणाली.

शेवटी मी रडायलाच लागले. “आत्या, मला काही कळत नाही गं. मला भीती वाटतेय. चल ना.” त्या सकाळी माझं एवढं एकच बोलणं तिला एका दमात पटलं असावं. उठली, वहाणा घातल्या आणि चल म्हणाली.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगून टाकते. शस्त्रक्रिया झाली, आत्या बरी झाली आणि पुढे पुष्कळ वर्षं मला टोमणे मारायला राहिली. तरी डॉक्टरांकडचा तो पहिला दिवस माझ्या मनातून जात नाही.

गाठ तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, “फार थांबलात. का?”

“लावनी व्हती.”

“ती पावसाळ्यात असते ना?”

“मंग कापनी आली. मंग झोडनी.” आत्या चुकूनही माझ्याकडे बघत नव्हती. “मंग जत्रा. पावनं आलं.”

जिवापेक्षा शेत मोठं का, म्हणून बाई तिला चांगल्याच रागे भरल्या. आत्या मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. मला ते सहन होईना.

“ती माझ्या औषधासाठी थांबली होती,” मी म्हणाले.

“गप गो,” आत्या कुजबुजली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “कुठलं औषध?”

“औषध नव्हतंच,” मी म्हणाले. “मी नुसती बोलत होते.”