नणंदेची नेमणूक

मंत्री स्वतः पत्रं लिहितात, हा माझा समज वेलिंग्टनच्या सरकारी खात्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात गळून पडला. पत्रं आम्ही लिहायचो, मंत्री सही करायचे. कुणाला कोर्टातला उशीर सहन होत नसे, कुणाला शेजाऱ्यावर खटला भरायचा असे, कुणी नुसतंच सरकारला चार शब्द सुनवायचे म्हणून लिहीत. प्रत्येकाला उत्तर जायचंच. ते आपुलकीचं असावं आणि त्यात मंत्र्यांनी कसलंही वचन दिलेलं नसावं, एवढीच अट. गोड बोलायचं आणि कशालाच हो म्हणायचं नाही, ही कला मी लग्नानंतर सासरी शिकले होते. खात्याने तिचा पगार द्यायला सुरुवात केली इतकंच.

आमच्याच खात्यातून जेपींच्या नेमणुकाही व्हायच्या. जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. नाव भारदस्त असलं तरी काम साधं: कागदाची नक्कल खरी आहे म्हणून सही करायची, कुणाचं प्रतिज्ञापत्र समोर बसवून करून घ्यायचं. एक पैसा मिळत नाही. पण नाव खासदाराने सुचवावं लागतं, चौकशी होते, कोर्टात मुलाखत होते, मंत्री शिफारस करतात आणि मग गव्हर्नर जनरलच्या सहीने नेमणूक होते. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर एक दिवस ऑकलंडहून फोन आला की ओटाहुहुच्या खासदारांनी आमच्या ताईंचं नाव पाठवलंय.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. स्टेशनजवळ त्यांची डेअरी होती, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. दूध, पाव, पेपर आणि टोळीभर पोरांसाठी गोळ्या. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनियर. दुकानात येणारी माणसं दुधाबरोबर कागदही घेऊन यायची. टोंगाच्या आज्या, पंजाबी ड्रायव्हर, नुकतीच आलेली मराठी जोडपी. ताई त्यांना सगळं समजावून सांगायच्या आणि शेवटी सहीसाठी दुसरीकडे पाठवायच्या. "दरवेळी हात धुऊन ताट वाढते आणि जेवायला शेजारी पाठवते, असं वाटतं गं मला," त्या म्हणायच्या. ती सही त्यांना स्वतःला करता यावी, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. इतकं काही हवंसं वाटलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि इथेच आमच्या माणसांनी घोळ घातला.

भाऊजींचं म्हणणं, नेमणूक म्हटली की वजन टाकावंच लागतं. नुसत्या लायकीवर कधी कुणाचं काम झालंय? त्यांनी मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. अध्यक्षांनी एक पत्र लिहिलं, खजिनदारांनी एक, गणपतीच्या आरतीला पेटी वाजवणाऱ्या गृहस्थांनी एक. सगळी पत्रं थेट मंत्र्यांना. सगळ्यांत ताई थोर घराण्यातल्या, सगळ्यांत कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी. आणि अध्यक्षांच्या पत्रात, ठळक अक्षरांत, उमेदवाराची सख्खी भावजय आपल्याच खात्यात कार्यरत आहे, तिच्याकडे चौकशी करावी. सोबत चिवड्याचा डबा.

तो गठ्ठा माझ्याच टेबलावर आला. अध्यक्षांचं पत्र वाचताना माझे कान तापले. तशीच उठले आणि सगळं घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, क्राइस्टचर्चकडच्या एक उंच, सडेतोड बाई.

"ही माझ्या नवऱ्याची बहीण आहे," मी म्हटलं. "हा कागद मला दाखवू नका, ही फाइल माझ्यापासून लांब ठेवा."

त्यांनी पत्रं चाळली. "हे लोक तिचं भलं करतायत असं त्यांना वाटतंय का?"

"आमच्याकडे याला भलं करणंच म्हणतात."

"इथे याने नुकसान होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी दबाव आणतंय असं दिसतं." मग गठ्ठा स्वतःकडे ओढून, "तू आलीस ते स्वीट अ‍ॅज, अगदी छान केलंस. फाइल मी बघते." चिवडा भेटवस्तू म्हणून रीतसर नोंदवला गेला आणि चहाच्या खोलीत ठेवला. तासाभरात डबा रिकामा. त्याबद्दल मात्र कुणाला दबाव जाणवला नाही.

पत्रांना उत्तरं गेली. साहेबांनी पाठवलेला मजकूर आमचा नेहमीचाच होता, आणि तो कधीकाळी मीच तयार केलेला. आठवड्याभरात ताईंचा फोन.

"अगं, अध्यक्षांना काय हे लेटर आलंय! 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.' असं कोण शहाणं लिहितं? धड हो नाही की धड नाही नाही!"

ते शहाणं मीच, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

"आणि तू तिथे बसून करतेस काय? एक शब्द टाकता येत नाही तुला? लोक हसतायत, म्हणतात घरचीच बाई आहे आणि हिला काही नाही."

मला राग आला. दिवसभर मंत्र्यांच्या वतीने गोड बोलून माझा गोडवा संध्याकाळी संपलेला असायचा. मी म्हटलं, "ताई, मी त्या फाइलला बोट जरी लावलं ना, तर ती नेमणूक तुमची राहणार नाही. माझी होईल. चालेल तुम्हाला?"

फोन ठेवला गेला. त्यानंतर संक्रांतीलाही फोन नाही. माझे यजमान बहीण आणि बायको यांच्यामध्ये सापडले आणि बागकामात रमले. मला खरंच वाईट वाटत होतं. फाइल कुठवर आली हे साहेबांना विचारायचा रोज मोह व्हायचा. विचारलं नाही.

पुढचं मला भाऊजींनी सांगितलं. ताईंना कोर्टात मुलाखतीला बोलावलं. भाऊजी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. प्रश्न संपल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, काही सांगायचंय का? ताई म्हणाल्या, "माझ्यासाठी काही लेटर्स आली असतील. ती प्रेमाने लिहिलीत, पण ती बाजूला ठेवा. मी शॉपमध्ये बसते, येऊन बघा. आणि माझी भावजय तुमच्या खात्यात आहे, तिला काही विचारू नका. ती सांगणारही नाही." हे सांगताना भाऊजींचा आवाज जरा खाली गेला होता.

नेमणूक झाली. शपथविधीला आम्ही वेलिंग्टनहून गेलो. ताईंनी मोरपंखी पैठणी नेसली होती आणि पायात, गडबडीत, दुकानात घालायचे जँडल्स, रबरी सपाता. न्यायाधीशांसमोर त्यांचा आवाज जराही कापला नाही. मंडळाचे अध्यक्ष मागच्या रांगेतून सगळ्यांना सांगत होते की आमच्या पत्रांचा उपयोग झाला. मी गोड हसले आणि कशालाच हो म्हटलं नाही. तेवढं मला येतं. बाहेर आल्यावर ताईंनी माझा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवलेही नाहीत.

पुढच्या वर्षी मला वरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. पुणे विद्यापीठाच्या पदवीची खरी नक्कल हवी होती. आम्ही ऑकलंडला गेलोच होतो, म्हणून कागद घेऊन मी मोठ्या ऐटीत ताईंच्या डेअरीत शिरले. गल्ल्याशेजारी त्यांचा शिक्का होता, समोर खुर्ची मांडलेली. मी पदवी पुढे केली.

ताईंनी ती बघितली, हसल्या आणि परत माझ्या हातात दिली.

"घरच्यांचं मी करत नाही."

आत पेपर वाचत बसलेले भाऊजी म्हणाले, "अगं, सख्खी भावजय आहे तुझी! वेलिंग्टनहून आलीय!"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "लायब्ररीत दुसरे जेपी बसतात. लाइन असते, लवकर जा. येताना कोथिंबीर आण, जेवायला थांबायचंय."

मी गेले. रांग चांगली लांब होती. माझ्यापुढे एक सामोअन बाई उभ्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, तरी मीच त्यांना सांगितलं, "स्टेशनजवळच्या डेअरीतल्या जेपी आहेत ना, त्या माझ्या नणंद. त्यांनी मला सही दिली नाही."